आबांनी जिंकलेला सीझन

माझ्या पोराच्या कॉलेजची फुटबॉल टीम त्या वर्षी एवढी हरली, एवढी हरली, की शेवटी शेवटी समोरच्या टीमचेच लोक आमच्या पोरांसाठी टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या वाजवतात हो इथले लोक! आमच्या कोल्हापुरात असतं तर दगड पडले असते, आणि मला विचाराल तर ते बरं. दगड पडला की निदान कळतं तरी, समोरच्याला राग आलाय म्हणून.

दोन हजार पाचचा सीझन. लंडनच्या हाउन्सलोत राहायचो आम्ही, अजूनही तिथंच आहोत. मी सुखदेव, हीथ्रोजवळ कार्गोच्या गोडाऊनमध्ये शिफ्टवर. बायको सीमा, मिरजेची, हॉस्पिटलमध्ये नर्स. तिच्या नोकरीवर आपण या देशात आलो, हे दर भांडणात ती एकदा तरी काढतेच. आणि अनुप, एकुलता एक, तीन वर्षांचा असताना इथं आणलेला, तेव्हा सतरावं लागलेलं. कॉलेज म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावी धरा. तिथल्या टीमचा तो गोलकीपर. गोलकीपरच का, तर दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं आणि आमच्या ध्यानाला कोणाला नाही म्हणता येत नाही.

त्याच ऑक्टोबरात माझे वडील, आबा, सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले.

आबा एके काळचे आमच्या पेठेच्या तालमीचे गोलकीपर. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, तांबडा रस्सा आठवतो. फुटबॉलचं कोणी बोलत नाही. अहो, पेठेपेठेत तालीम आणि तालमी-तालमीची फुटबॉल टीम! दोन पेठांची मॅच असली की दुकानं बंद, शाळेत पोरं नाहीत, आणि लग्न ठरलं असेल तर नवरासुद्धा मैदानावर. अशा एका फायनलला आबांच्या दोन पायांमधून एक साधा, घरंगळत आलेला बॉल गोलात गेला. जोरात नव्हता, वळलेला नव्हता, काही नव्हतं. घरंगळत आला आणि गेला.

पेठेनं त्या दिवसापासून आबांचं नाव ठेवलं ‘फाटक’. उघडं फाटक. ते पुन्हा कधी गोलात उभे राहिले नाहीत, पण नाव काही गेलं नाही. मी शाळेत ‘फाटकाचा सुक्या’. माझ्या बहिणीला, आशाला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी चौकात घर विचारलं, तर पानवाल्यानं सांगितलं, “फाटकांचं होय? ते काय, डाव्या हाताला.” आमचं आडनाव पवार आहे. पाहुणे आत येऊन म्हणाले, “आम्हाला तर पवार सांगितलं होतं.” आबांनी त्या दिवशी चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला, एवढं मला आठवतंय.

तर असा माणूस हाउन्सलोत आला आणि त्याला कळलं की नातू गोलकीपर आहे.

मॅचेस बुधवारी दुपारी असायच्या. मी शिफ्टवर, सीमा वॉर्डात, त्यामुळं आम्हाला काही जमायचं नाही. आबा मात्र एकही मॅच सोडायचे नाहीत. माकडटोपी, माझं जुनं जॅकेट, त्यावर सीमाची शाल, आणि पोरांच्या मिनीबसमध्ये पुढच्या सीटवर बसून निघाली स्वारी. कोच कीथ म्हणून होता, गरीब माणूस, दोन टीम आणि एक खराब कंबर सांभाळत फिरायचा. त्यानंच आबांना बसमध्ये घ्यायला सुरुवात केली. टीममध्ये सोमाली, पंजाबी, पोलिश, सगळी भेळ, आणि सगळीच पोरं त्यांना ‘आबा’ म्हणायची. आबा गोलाच्या मागं उभे राहायचे आणि कोल्हापुरीत ओरडायचे, “अरं पाय जोड! पाय जोड लेका!” एवढं एक वाक्य त्या सोमाली पोरांनासुद्धा पाठ झालं होतं.

पण टीम हरायची. चार, पाच, एकदा आठ. मी फ्रीजवर लावलेल्या त्यांच्या लीगच्या तक्त्यात आमचं नाव सगळ्यात खाली, आणि त्याच्या वरच्या टीममध्ये आणि आमच्यात एवढी जागा की मध्ये एक घर बांधता आलं असतं. मी एकदा गाडीतून येताना अनुपला म्हटलं, “सोड की बाबा. कशाला उगाच दर बुधवारी मार खायचा?”

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “आबा असतात ना मागे. गोल झाला की मी मागे बघतो. ते कधी अँग्री नसतात. बाकी सगळे असतात.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “ही इज नॉट अशेम्ड ऑफ मी, बाबा. तेवढं मला पुरतं.”

झालं. पोराचा सगळा सीझन त्या एका म्हाताऱ्यावर उभा होता, आणि मला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. माझ्या वेळेला कोण उभं होतं मागं?

जानेवारीत एके दिवशी लंच ब्रेकमध्ये माझा मोबाईल वाजला. कोल्हापूरहून सत्या, म्हणजे सतीश, माझा शाळेतला दोस्त, आता तालमीचा सेक्रेटरी. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

“काय राव सुक्या! पोरगं लंडनमध्ये धुरळा उडवतंय आणि तू आम्हाला एक शब्द बोलत नाहीस? आम्ही काय परके आहोत?”

“कुठला धुरळा?”

“आता लाजतोय बघा! सलग सातवी मॅच जिंकली म्हणं. आबांनी काल सांगितलं. पाचात गोल खाल्ला नाही पोरानं. दर गुरुवारी आबांचा फोन आला की चौकातल्या फळ्यावर लिहितोय आम्ही. अख्खी पेठ वाचते!”

माझ्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. चौकातला फळा म्हणजे काय, ते पेठेतल्या माणसालाच कळेल. मेलेला माणूस, बारावीचा निकाल, पाण्याची वेळ आणि मॅचचा स्कोअर, सगळं त्याच्यावर. त्याच्यावर लिहिलं ते झालं.

घरी आलो तर आबा कोथिंबीर निवडत बसलेले. मी दार लावून घेतलं आणि सुरू झालो. तोंडाला येईल ते बोललो. म्हातारपणी हे काय सुचलं, कॉलिंग कार्डावर पेठेत फोन लावून असले धंदे करता, लाज कशी वाटली नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. कोथिंबीर निवडायचं काही थांबवलं नाही.

मग म्हणाले, “पहिल्या वेळेला खरंच सांगितलं होतं. हरलं म्हटलं, पाच खाल्ले. तर सत्या काय म्हणाला ठाऊक हाय? म्हणाला, ‘गोलकीपर तुमचाच नातू न्हवं?’ आणि मागं सगळी फिदीफिदी हसली. फोनवर ऐकू येत हुतं मला. एक जण म्हणाला, ‘लंडनला बी फाटक बसवलं काय!’”

“म्हणू दे की! इथं कोणाला ऐकू येतंय?”

“तुला ऐकू आलं न्हाई काय शाळेत?” आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “माझं नाव तुला चिकटलं. तुझ्या भणीला चिकटलं. त्या पोराला चिकटू द्यायचं न्हाई मला. बास.”

मी म्हटलं, आबा, अनुप आयुष्यात कधी त्या चौकात जाऊन उभा राहणार नाही. त्याला फाटक म्हणजे काय हेसुद्धा सांगावं लागेल. आबा म्हणाले, “तुला कळत न्हाई.” खरंच, कुठून कळणार? त्यांना पेठ हाउन्सलोपर्यंत पसरलेली दिसत होती आणि मला समोर फक्त कोथिंबीर दिसत होती.

सीमाला सांगितलं. ती नर्स आहे, तिला जखम झाकून ठेवलेली चालत नाही. “अहो, त्याला आपणच सांगू या. बाहेरून कळलं ना, तर त्याला वाटेल आजोबांना त्याची लाज वाटते. मग तो परत त्यांच्याकडे बघणार नाही.”

“सांगू, सांगू,” मी म्हटलं. पण कसं सांगायचं? ‘बाळा, तू हरतोस म्हणून आजोबा खोटं बोलतात, पण ते तुझ्यासाठीच हं’? ज्या भाषेत त्याला कळेल तिच्यात मला हे सांगता येत नव्हतं, आणि ज्या भाषेत मला सांगता येतं तिच्यात त्याला निम्मंच कळतं. दर बुधवारी तो चिखलात लोळून यायचा, आबांच्या गळ्यात हात टाकून आत यायचा, आणि मी सांगायचं पुढच्या बुधवारवर ढकलायचो. आबांना फोन करू नका म्हणालो, तर म्हणाले, “आता थांबलो तर इचारतील, हरायला लागलं काय म्हणून.” तेही खरंच. खोटं बोलायला सुरुवात करणं सोपं असतं हो, पण सलग जिंकणाऱ्या टीमला थांबवायचं कुठं? इकडं आम्ही तळाला, तिकडं फळ्यावर आम्ही एक नंबरला. मार्चमध्ये आबांनी आम्हाला चॅम्पियनही करून टाकलं, आणि तेही एक मॅच शिल्लक ठेवून!

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सीमा ड्युटीवर गेलेली. मी पोहे टाकत होतो, आबा टेबलाशी बसलेले. हॉलमध्ये फोन वाजला. मी गॅस बारीक करेपर्यंत अनुपनं उचलला.

“हॅलो? हो, अनुप बोलतो.”

मी झारा हातात घेऊन तसाच दारात आलो. फोनमधून सत्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, एवढ्या मोठ्यानं बोलत होता तो. मागं दहा-वीस जणांचा कालवा, कोणीतरी शिट्टी मारली. चॅम्पियन, बोर्ड लावलाय चौकात तुझा फोटो टाकून, फेटा बांधणार तुला, पेठेचं नाव काढलंस, पेनल्टी कशी अडवलीस ते सांग की आम्हाला.

अनुपचा चेहरा आधी कोरा होता. रॉंग नंबर असावा तसा. मग त्यानं हळूच मान वळवून आबांकडे बघितलं. आबा खुर्चीतून उठायला बघत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. मी पुढं होऊन फोन काढून घ्यायला पाहिजे होता. पाय हलले नाहीत माझे, देवाशपथ. एवढा धिप्पाड माणूस मी, दिवसभर खोकी उचलतो, आणि एक फोन उचलता आला नाही.

“हो काका,” अनुप म्हणाला. “थँक यू. हो, चॅम्पियन. पेनल्टी... ती मी राइटला गेलो. हो. मग बॉल हाताला लागला.” तिकडं जल्लोष झाला. “हो, आबा खूश आहे. देतो त्यांना?” मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, “नाही, ते आंघोळीला गेला.”

फोन ठेवला त्यानं. पोहे करपल्याचा वास सुटला होता.

“बाळ, ऐक,” आबा म्हणाले. “त्ये तसं न्हाई. आमच्यात गोलकीपरला...”

“इट्स फाइन, आबा.”

हे ‘इट्स फाइन’ म्हणजे या देशातली सगळ्यात वाईट शिवी. आपल्याकडे माणूस ओरडेल, ताट फेकेल, चार दिवस बोलणार नाही. इथं इट्स फाइन म्हणतात आणि संपवतात. मी मध्ये पडलो. फाटकाचं सांगितलं, पानवाल्याचं सांगितलं, आशाआत्याच्या पाहुण्यांचं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्लिशमध्ये, आणि जसजसं सांगत गेलो तसतसं मलाच ते खोटं वाटायला लागलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मग आबांजवळ जाऊन अगदी मऊ आवाजात म्हणाला,

“वेडनस्डेला लास्ट मॅच आहे. तुम्ही नका येऊ. थंडी खूप असतो बाहेर.”

तीन दिवस घरात असं वातावरण, की चमचा पडला तरी दचकायला व्हायचं. सीमा मला म्हणाली, “सांगत होते ना मी?” मी म्हटलं, हो बाई, सांगत होतीस. पुढं काय करायचं तेवढं सांग. तर ते तिलाही सांगता येईना. आबा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. जिंकलेल्या सगळ्या मॅचेस त्यांनी परत हरून दिल्या असत्या, पण घेणार कोण?

बुधवारी सकाळी आबा माकडटोपी घालून, शाल घेऊन, बूट चढवून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. अनुप किट बॅग घेऊन खाली आला, त्यांच्या बाजूनं अंग चोरून उतरला आणि गेला. आबांनी टोपी काढली नाही. मी शिफ्ट बदलून घेतली होती. म्हटलं, “चला आबा, माझ्या गाडीत. लांब उभे राहा.” ते म्हणाले, “नको म्हणालाय तो. तू जा.”

गेलो. गोलाच्या मागं उभा राहिलो, आबांच्या जागेवर. कीथनं विचारलं, म्हातारबाबा कुठं? मी म्हटलं, सर्दी झालीये. बघा, मीही सुरू झालो!

आता काय सांगू तुम्हाला. ती पोरं त्या दिवशी जिंकली. शप्पथ! दोन-एक. समोरची टीम अर्धी आजारी होती, एक त्यांच्याच माणसानं आमच्यासाठी गोल करून दिला, ते सगळं खरं. पण शेवटच्या मिनिटांत त्यांचा एक ताडमाड पोरगा एकटाच बॉल घेऊन आला, आणि अनुप पुढं धावला, आडवा पडला, बॉल पोटाशी घेऊन पडून राहिला. शिट्टी झाली. सगळी पोरं त्याच्या अंगावर पडली. आणि ढिगातून बाहेर आल्यावर त्यानं मागं वळून बघितलं. सवयीनं. मागं मी होतो. मी दोन्ही हात वर केले, ओरडलोसुद्धा. त्यानं हसून हात केला, पण ते हसू माझ्यासाठी काढलेलं नव्हतं.

गाडीत मीच बडबडत होतो. घरी पोचल्यावर त्याच्या आधी धावत आत शिरलो. आबा खुर्चीत बसलेले, बूट अजून पायात.

“आबा, जिंकलो! दोन-एक! अनुपनं शेवटचा बॉल असा धरला, असा धरला...”

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. दुखऱ्या पोराला बघून हसतात तसं.

“मला कशाला सांगतोस रे तसलं?”

“आईशप्पथ आबा! खरंच जिंकलो!”

“मी बी सत्याला दर खेपेला आईशप्पथच घातली हुती,” आबा म्हणाले. “असंच सांगायचं असतं. आधी स्कोअर, मग त्यो शेवटचा बॉल. मला शिकवू नगंस.”

मी आता पेपर आणू, कीथला फोन लावून देऊ, काय करू! माझं डोकं फिरायची वेळ आली. “अनुप, तू सांग रे यांना!”

अनुप दारात उभा होता, चिखलानं माखलेला, एका हातात बूट. आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि त्याला विचारलं, “खरं सांग बाळ. किती खाल्लंस?”

पोरगं त्यांच्याकडे बघत राहिलं. मी तोंड उघडलं तर त्यानं माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं.

“सहा,” तो म्हणाला.

“सहा?”

“हो. सगळे माझा फॉल्ट.”

आबांनी बाजूची खुर्ची पायानं ओढली. “मग हुतंय काय? ये. बस हितं. खेळणाराच गोल खातो.” अनुप चिखलासकट येऊन बसला. आबांनी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि त्याचे गार पडलेले हात आपल्या हातात घेऊन चोळत राहिले. सत्याला काय सांगायचं, हे त्यांनी विचारलं नाही. त्या गुरुवारी फोनही केला नाही.

एप्रिलात आबा परत गेले आणि पुढच्या वर्षी वारले. त्यांची खात्री होती, की ती शेवटची मॅच पोरगं सहा गोल खाऊन हरलं. मी नंतर अनुपला खूप बोललो, की एकच तर जिंकली होतीस रे, तीही दिली नाहीस त्यांना? तो म्हणाला, “बाबा, जिंकल्यावर ते काय म्हणतात, ते त्या संडेच्या फोनवरून मला माहीत होतं. हरल्यावर काय म्हणतात, ते मला ऐकायचं होतं.”